बालरक्षण व शेजारधर्म

घरातील दागिना चोरीस गेला तर आपण तत्काळ पोलिस ठाणे गाठतो. परंतु घरातील लेकरावर लैंगिक अत्याचार झाला तर दारे लावून घेतो. जी अब्रू अपराध्याची जावयाची, ती आपण सोसणाऱ्या मुलाचीच गेली असे मानतो. हा समज मोडणे एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. त्यास समाजाचे पाठबळ हवे.

समाज बोलू लागला म्हणजे कायदाही बदलतो. सन १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलिस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांस दोषी ठरविले. परंतु मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या व अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयातून ते सुटले. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या कायद्याच्या चौघा अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा सुधारला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले.

पुढे १४ नोव्हेंबर २०१२ रोजी 'पोक्सो' कायदा अमलात आला. अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी, दोघांसही त्याचे संरक्षण आहे. त्याचे कलम १९ प्रत्येक गृहस्थाने ध्यानी ठेवावे. असा अपराध घडल्याचे ज्यास कळले, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. मौन धरणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर आपल्या हाताखालील माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाचालकास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, तेव्हा शाळेने खबर न दिल्याचा प्रश्नही पुढे आला होता.

"पण मूल खोटे बोलत असेल तर?" असे कित्येक विचारतात. खरेखोटे करणे हे तपासाचे काम, शेजाऱ्याचे नव्हे. सद्भावनेने खबर देणाऱ्यास कायदा जबाबदार धरीत नाही. ठाण्याच्या फेऱ्यांची धास्तीही अनाठायी आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाचा असतो. मुलास रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव वृत्तपत्रात छापता येत नाही. आणि साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यावयाचा नसतो.

बहुतेक प्रकरणी आरोपी ओळखीचाच निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदींवरून दिसते. म्हणून 'परक्याशी बोलू नकोस' एवढीच शिकवण अपुरी आहे. नको असलेला स्पर्श आप्ताचा असला तरी 'नको' म्हणावे व घरी सांगावे, हे मुलांस शिकवावे. मूल सांगू लागले की शांतपणे ऐकावे, 'तुझा दोष नाही' असे म्हणावे, पुनःपुन्हा खोदून विचारू नये. अंगावरील कपडे न धुता ठेवावे. पीडितास विनामूल्य उपचार देणे सरकारी व खाजगी, दोन्ही रुग्णालयांस बंधनकारक आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा आज देशभर अहोरात्र उपलब्ध आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीचा वाडा असो की सिडकोतील वसाहत, तेथील चार वडीलधाऱ्यांनी हा क्रमांक दर्शनी जागी लावावा. शाळेच्या पालकसभेत स्वच्छतागृहाची व बसची देखरेख कोण करतो, हे विचारावे. आणि 'आपसांत मिटवा' असा सल्ला कोणी दिला, तर तो अमान्य करावा. शेजारधर्म याहून निराळा नाही.