घरच्या लॅपटॉपवर गाणे : महागडी यंत्रे हवीतच काय ?

पेटी, ढोलकी, टाळ आणि कोरस म्हणणारी चार मुले, एवढ्या भांडवलावर नांदेड-लातूरच्या गायन पार्ट्यांनी वर्षानुवर्षे जयंत्या गाजविल्या. ध्वनिमुद्रण करायचे तर मात्र मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. रात्रभराचा प्रवास, तासावर मोजले जाणारे स्टुडिओचे भाडे, आणि गाणे कॅसेटवर येईल की नाही याची धाकधूक. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली आपल्यातून गेले. त्यांच्या काळात हे काम घरात होईल असे कोणाला वाटले नसते. आज ते होते. ऑडॅसिटीसारखा प्रोग्रॅम २००० सालापासून फुकट मिळतो.

पण सोय आली की तिच्यामागून खर्चही येतो. परवा लातूरला नातेवाइकांकडे गेलो होतो. घरातला मुलगा बारावी झालेला, पेटी चांगली वाजवितो. लॅपटॉप जुना आहे, पण चालतो. तो म्हणाला, "काका, याचे साऊंडकार्ड साधे आहे. दुकानदार म्हणतो, बाहेरचे इंटरफेस आणि मोठे मॉनिटर स्पीकर घेतल्याशिवाय मिक्सिंग होणारच नाही. हप्त्यावर मिळतात." त्याची आई बचत गटातून पैसे उचलायला तयार होती. "पोराचं नाव होईल भाऊ," एवढेच ती म्हणाली. महिनाभरापूर्वी नांदेडला आमच्या नगरातील मुलांनीही हाच प्रश्न केला होता. म्हणून सर्वांसाठीच लिहीत आहोत.

प्रथम मिक्सिंग म्हणजे काय ते पाहू. गायकाचा आवाज, पेटी, ढोलकी, कोरस यांची मुद्रणे वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. कोणाला किती वर घ्यायचे, कोणाला मागे ठेवायचे हे ठरवून त्यांचे एक गाणे करायचे, हे मिक्सिंग. हे सारे लॅपटॉपच्या आत आकड्यांतच चालते. सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. आम्ही कारकुनी करणारे, म्हणून आम्हाला ही कीर्दवहीच वाटते. मिक्सिंग म्हणजे या नोंदींचे गुणाकार आणि बेरजा. ते काम प्रोसेसर करतो. साऊंडकार्ड फक्त झालेला हिशेब आपल्या कानाला वाचून दाखविते. ते साधे असले म्हणून तयार फाईल बिघडत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. हेडफोनमध्ये खरखर ऐकू आली तर तीच फाईल पेनड्राईव्हवर घेऊन दुसरीकडे वाजवावी. तिथे खरखर नसेल तर दोष लॅपटॉपच्या ऐकविण्यात आहे, गाण्यात नाही. तिथेही असेल तर तो मुद्रणातच शिरलेला आहे, आणि नवे स्पीकर आणून तो निघणार नाही.

मग काहीच घेऊ नये काय ? तसेही नाही. वाचून दाखविणारा आकडे गाळू लागला तर हिशेब तपासणारा फसतो. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून ढोलकीच्या जाड बाजूचा घुमारा जवळजवळ येतच नाही. आमच्या नगरातील मुलांनी तसेच मिक्सिंग केले. घुमारा ऐकू येईना म्हणून तो वाढवीत गेले. मिरवणुकीत मोठ्या बॉक्सवर गाणे लागले तेव्हा नुसती धडधड झाली आणि शब्द कोणालाच कळला नाही. आपल्या गाण्यात शब्दच गेला तर उरले काय ? तेव्हा पहिला खर्च करायचा तो चांगल्या, वायरच्या हेडफोनवर. बिनवायरच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दाबून पाठविला जातो आणि तो उशिराही पोचतो. ऐकायला ते ठीक, कामाला नाही.

मोठे मॉनिटर स्पीकर सर्वांत शेवटी. दहा बाय दहाच्या खोलीत घुमारा भिंतींवर आपटून परत येतो. कोपऱ्यात तो दुप्पट वाटतो, खोलीच्या मधोमध नाहीसा होतो. महाग स्पीकरही तिथे फसवितात. त्यापेक्षा गाणे हेडफोनवर, साध्या मोबाईलवर आणि जमल्यास विहारातल्या लाऊडस्पीकरवर ऐकून पाहावे. मोबाईल आणि लाऊडस्पीकरवर बहुधा डावे-उजवे एकत्र होऊनच वाजते. तिथे शब्द स्पष्ट आला तर मिक्सिंग जमले म्हणावे.

खरी गरज पडते ती मुद्रण करताना. लॅपटॉपच्या माईकमध्ये आतल्या पंख्याची घरघर शिरते. तेव्हा स्वतःच्या घरात आवाज मुद्रित करायचा असेल तर माईक आणि दोन माईकचे लहान इंटरफेस घेणे योग्य. कंडेन्सर माईकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठाही त्यातून मिळतो. 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. आपल्याकडे अर्थिंगचे दुखणे जुने आहे, आणि पुष्कळदा तो आवाज तेवढ्यानेच थांबतो. गायकाच्या मागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाकाव्यात, खोलीचा घुमा बराच कमी होतो. छताचा पंखा बंद ठेवावा. पत्र्याचे घर असेल तर पावसात मुद्रण करू नये. जुना लॅपटॉप मिक्सिंगच्या वेळी अडखळत असेल तर प्रोग्रॅममधील बफर १०२४ पर्यंत वाढवावा. त्याने आवाज सुमारे २३ मिलिसेकंद मागे पडतो, पण मिक्सिंगला तेवढ्याने बाधा येत नाही. गाऊन मुद्रण करताना मात्र तो १२८ च्या आसपास आणावा.

छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचा आवाज मोबाईलवरच्या साध्या व्हिडिओतून महाराष्ट्रभर गेला. हाती एकतारी होती. यावरून यंत्रे निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण लोकांनी आधी कान दिला तो गळ्याला आणि शब्दाला, हे विसरू नये.

लातूरच्या त्या घरी आम्ही रात्री कागदावर दोन रकाने पाडले. आज लागणारे आणि पुढे लागणारे. आजच्या रकान्यात वायरचा हेडफोन तेवढा राहिला. मुद्रणासाठी इंटरफेस आणि माईक पुढच्या रकान्यात गेले, तेही पार्टीतील चौघांनी मिळून घ्यायचे. स्पीकर खोडले. मुलाचे तोंड थोडे उतरले. आईने कागद घडी करून डब्यात ठेवला आणि गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज दिला नाही. ते पैसे पुढे मुलीच्या कॉलेजच्या फीला लागणार आहेत.

जयंती जवळ आली की दुकाने सजतात आणि हप्त्यांचे फलक लागतात. आमची वस्तीतल्या तरुणांना एकच विनंती आहे. पैसे देण्यापूर्वी जवळ आहे त्या लॅपटॉपवर एक गाणे पूर्ण करा आणि ते चार ठिकाणी वाजवून पाहा. नेमके काय कमी पडते ते गाणेच सांगेल. मग तेवढेच घ्या.