बेचाळीस कढया पाणी

सकाळी आठला आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा चूल पेटून तीन तास झाले होते. चूल कसली, चुलवाणच. जमिनीत खणलेला लांबट चर, दोन्ही कडांना दगड रचून वर माती लिंपलेली, आणि त्यावर ओळीनं तीन बिडाच्या कढया. गुऱ्हाळाच्या गावात वाढलेल्या बाईला यात नवल काय वाटणार? फक्त उकळत होतं ते उसाचा रस नव्हे, खारं पाणी. गाव केंटकीतलं, लेक्सिंग्टनच्या आसपासचं. भाचा तिथं नोकरीला, म्हणून माझं जाणं झालं.

जुन्या पद्धतीनं मीठ करून दाखवणारे आजोबा सत्तरीचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. अंगात लिननचा ढगळ सदरा, पायांत मात्र चांगले स्पोर्ट्स शूज. पाणी कुठल्या झऱ्याचं, असं मी विचारलं तर हसले. ‘नळाचं. लिटरला सात ग्रॅम मीठ घातलंय, दुकानातून आणून. ब्लू लिक्सच्या झऱ्याचं पाणी एवढंच खारट होतं.’ म्हणजे विकतचं मीठ विरघळवायचं आणि दिवसभर लाकडं जाळून तेच परत काढायचं! आईनं ऐकलं असतं तर कोपरापासून हात जोडले असते. मी बोट बुडवून चाखलं. वरणात मीठ जरा कमी पडलंय की काय, असं वाटावं इतपतच चव.

हिशेब त्यांच्या जिभेवर होता. त्या झऱ्याचं सुमारे ८४० गॅलन पाणी आटवलं की एक बुशेल मीठ, म्हणजे जेमतेम तेवीस किलो. एका कढईत वीस गॅलन. ‘बेचाळीस कढया,’ ते म्हणाले आणि ओंडका आत सरकवला.

याच मिठासाठी १७७८ च्या जानेवारीत केंटकीतल्या गोऱ्या वसाहतकारांचा म्होरक्या डॅनियल बून तीस माणसं घेऊन ब्लू लिक्सला गेला. त्याची बून्सबरोची गढी वसून तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. मांस शिकारीनं मिळे, पण मीठ नाही तर ते टिकवायचं कसं? माणसं कढयांपाशी आणि बून रानात, शिकारीला आणि टेहळणीला. चुलीपाशी बसणं त्याच्या पिंडातच नसावं. फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, घोड्यावर गव्याचं मांस लादून तो परतत होता. शॉनी या मूळच्या जमातीच्या योद्ध्यांनी त्याला गाठलं. ओझं कापून टाकावं आणि घोड्यावरून पळावं म्हणून त्यानं सुऱ्याला हात घातला, तर सुरा म्यानातच गोठून बसलेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्यावरून मीठ करणाऱ्यांनीही शस्त्रं खाली ठेवली. शॉनींचा राग उगाच नव्हता. त्यांचा नायक कॉर्नस्टॉक आदल्या नोव्हेंबरात बोलणी करायला गेला असताना गोऱ्यांच्या किल्ल्यातच मारला गेला होता, आणि ज्या रानात ही गढी उभी होती ते त्यांचं शिकारीचं रान होतं.

दहाच्या सुमारास आजोबांनी माझ्या हाती लांब दांड्याचा डाव दिला. पाणी खाली गेलं की मागच्या कढईतलं पुढच्या कढईत घ्यायचं, वर येणारी मळी काढत राहायचं. खऱ्या झऱ्याच्या पाण्याला मळी फार. ती धरायला अंड्याचा पांढरा बलक घालत. आमच्या पाण्यात फक्त राख. धूर वारा फिरेल तसा फिरत होता, म्हणजे मी जिथं उभी राहीन तिथं. दुपारपर्यंत लाकडाचा ढीग कमरेवरून गुडघ्याशी आला. एवढं लाकूड तोडायचं, वाहायचं, रात्रीही जागून चूल धगती ठेवायची, आणि वर रानातून कोण येईल याची धास्ती.

गढीत बूनची बायको रिबेका वाट पाहत होती. १७५६ साली लग्न झालं, दहा मुलं झाली, नवरा महिनोन्‌महिने रानात. थोरला जेम्स १७७३ मध्ये केंटकीच्या वाटेवरच मारला गेला, वय सोळा. मुलगी जेमायमा, तिला १७७६ च्या जुलैत होडीतून पळवून नेलं, तिला बापानं माग काढत दोन दिवसांत सोडवून आणलं. आता तर नवराच गेला. मेलाच, असं धरून ती मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला माहेरच्या माणसांत परतली. बून मात्र जिवंत होता. शॉनी नायक ब्लॅकफिशनं त्याला मुलगा मानून घरात घेतलं होतं. जूनमध्ये तो निसटला आणि चार दिवसांत एकशे साठ मैल तुडवत गढीत आला, तर घर रिकामं. लग्न झालेली जेमायमा तेवढी थांबलेली. आणि घरची मांजर, कुठूनशी येऊन त्याच्या मांडीवर बसली म्हणे. घरच्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट आहे, पण मला ती खरी वाटते. रिबेकाचा मला राग येत नाही. पाच-सहा महिने तिनं कुणाच्या भरवशावर थांबायचं होतं?

चारनंतर पाणी एकाच कढईत उरलं. दुधावर साय धरावी तसा वर पातळ पापुद्रा आला, फुटला, खाली बसला. ‘निखारे मागे ओढा!’ आजोबा ओरडले. मी ओढले, पण उशिरा. मीठ तडतडून मनगटावर उडालं. मग ओला रगदा वेताच्या टोपलीत काढून निथळत ठेवला. खऱ्या खाऱ्या झऱ्याचं असतं तर खाली कडू पाणी गळलं असतं.

ब्लू लिक्सनं बूनच्या घराला तेवढ्यावर सोडलं नाही. १७८२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच लढाईत तेवीस वर्षांचा इझ्रएल बापाच्या डोळ्यांदेखत पडला. तरी १८०५ च्या सुमारास नेथन आणि डॅनियल मॉर्गन हे दोघे मुलगे मिसुरीत एका खाऱ्या झऱ्यावर कढया मांडून बसलेच. त्यांचं मीठ नदीनं सेंट लुईसला जाई.

तिन्ही कढयांचं मिळून दीड किलोच्या आसपास भरलं. राखाडी, ओलसर, धुराच्या वासाचं. आजोबांनी मूठभर कापडात बांधून दिलं. मी मनगटावर थंड पाणी ओतत होते.

‘आता एकोणचाळीस राहिल्या,’ ते म्हणाले.