पेट्रोल गळते कुठे आणि दिसते कुठे

पुण्यातील बहुतेक गृहनिर्माण संस्थांत दुचाकी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एकमेकींना खेटून उभ्या असतात, आणि अनेक ठिकाणी त्याच पार्किंगच्या भिंतीवर साऱ्या इमारतीचे विजेचे मीटर बसवलेले असतात. त्यामुळे जुन्या मोटारसायकलच्या पेट्रोलगळतीला किरकोळ दोष मानता येत नाही. पेट्रोल उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर विरून जात नाही, फरशीलगत पसरत जाते, आणि हवेतील तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले की एखादी ठिणगीही पुरेशी ठरते.

ज्या शहराच्या परिसरातील आकुर्डीत बजाज कारखाना वाढला आणि 2001 मध्ये चाकणमधून पल्सर रस्त्यावर आली, त्या शहरात जुन्या गाड्या जपणाऱ्यांची संख्या मोठी असणे स्वाभाविक आहे. कावासाकी बजाज, यामाहा आरएक्स 100, म्हैसूरला तयार झालेल्या जावा आणि येझदी, तसेच पहिल्या काही वर्षांतील पल्सर या सर्वांमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करण्याचे काम कार्बोरेटर करतो. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 निकष लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींमध्ये त्याची जागा प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनने घेतली. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये सहसा पंप नसतो. टाकी उंचावर असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कॉकमधून, पाइपमधून कार्बोरेटरपर्यंत उतरते, त्यामुळे या वाटेवरचा एक सांधा जरी सैल झाला तरी इंजिन बंद असतानाही गळती रात्रभर चालू राहू शकते.

गळती शोधताना सर्वात जास्त फसवणूक होते ती थेंबाच्या जागेमुळे. टाकीच्या तळाच्या जोडावर झिरपलेले पेट्रोल फ्रेमच्या नळीवरून घरंगळत कार्बोरेटरच्या तळाशी येऊन ठिबकते, आणि थेंब तेथे दिसतो म्हणून कार्बोरेटर उघडला जातो, त्याचे किट बदलले जाते, तरी दुसऱ्या दिवशी फरशीवर डाग कायम असतो. म्हणून तपास नेहमी वरून खाली करावा. गाडी मोकळ्या हवेत आणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, टाकीचा तळ, कॉक, पाइप आणि कार्बोरेटर कोरड्या सुती फडक्याने पुसावेत, आणि त्यांच्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर हलकेच भुरभुरावी. कॉक आधी बंद ठेवून आणि मग उघडून पाहिले असता पावडर ज्या सर्वात उंच जागी प्रथम ओली होते, ती जागा गळतीच्या उगमाची असते. कॉक बंद असतानाही ओल दिसली तर दोष टाकीत, कॉकच्या बैठकीत किंवा खुद्द कॉकमध्ये असतो, आणि उघडल्यावरच दिसली तर पाइप किंवा कार्बोरेटर तपासावा लागतो. जुन्या डागांचाही उपयोग होतो, कारण पुन्हा पुन्हा वाळलेले पेट्रोल धातूवर तपकिरी, चिकट थर सोडते आणि त्या थराची रेघ वरच्या दिशेने धरत गेल्यास उगम सापडतो.

कार्बोरेटरमधून होणारी गळती बहुधा ‘ओव्हरफ्लो’ या प्रकारची असते. गच्चीवरील पाण्याच्या टाकीत बॉल कॉक जे काम करतो, तेच काम कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत फ्लोट करतो: पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो, त्यावरची टोकदार नीडल आपल्या सीटमध्ये घट्ट बसते आणि पेट्रोलची वाट बंद होते. टाकीतील गंजाचा एखादा कण नीडल व सीट यांच्यामध्ये अडकला, नीडलच्या रबरी टोकावर वर्षानुवर्षांच्या दाबाने गोल खाच पडली, किंवा जुन्या पितळी फ्लोटला डाखाच्या जोडावर सूक्ष्म भेग पडून आत पेट्रोल शिरले आणि तो बुडू लागला, तर वाट बंद होत नाही व जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडते. ही नळी त्यासाठीच ठेवलेली असते, म्हणून ठिबक थांबवण्यासाठी तिचे तोंड बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण मग तेच पेट्रोल इंजिनात शिरते. गाडी साइड स्टँडवर असतानाच गळते आणि डबल स्टँडवर गळत नाही, असे आढळल्यास फ्लोटची पातळी मर्यादेच्या काठावर असल्याचा संशय घ्यावा.

दुरुस्तीत नीडल एकटी न बदलता, शक्य असेल तेथे सीटसह बदलावी, कारण झिजलेल्या सीटवर नवी नीडल फार दिवस टिकत नाही. फ्लोटची उंची त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मापाप्रमाणे लावावी आणि वाटीची गॅस्केट व ड्रेन स्क्रूची ओ-रिंग नवी घालावी. सांधा घट्ट व्हावा म्हणून शेलॅक लावण्याची सवय येथे सोडून द्यावी, कारण शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच असते. वाटीचे स्क्रू हलक्या धातूच्या आट्यांमध्ये बसतात, तेव्हा ते जोर लावून आवळल्यास आटे जातात आणि एक गळती मिटवताना दुसरी जन्माला येते.

इथेनॉलचा मुद्दा महाराष्ट्राला जवळचा आहे, कारण येथील साखर कारखाने त्याचे मोठे उत्पादक आहेत. 2025 मध्ये देशातील पेट्रोलमधील त्याचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. पुण्याच्याच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एआरएआयने, इतर संस्थांबरोबर 2014-15 मध्ये केलेल्या चाचण्यांत असे दिसले होते, की अशा मिश्रणाने धातूंना अडचण आली नाही, पण रबरासारख्या लवचिक पदार्थांची कामगिरी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत खालावली. जुन्या गाडीत नेमके हेच भाग गळतीच्या जागी असतात: पाइप, ओ-रिंगा आणि कॉकमधील छिद्रांचे रबरी पॅकिंग. म्हणून पाइपचे टोक कडक होऊन चिरले असेल तर तेवढेच कापून पुन्हा बसवण्यापेक्षा इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेला, योग्य आतील व्यासाचा पाइप क्लिपांसह घालणे शहाणपणाचे ठरते, आणि नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत कॉकचे किट मागताना ते कशापासून बनले आहे हेही विचारावे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि त्यातून लागलेला गंज आतून पत्रा खात जाऊन जोडाजवळ सुईच्या टोकाएवढी भोके पाडतो.

अशा भोकावर वाटेत साबणाची वडी घासण्याचा जुना उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता चालतो, आणि एम-सीलसारखे इपॉक्सी रंग खरवडून, पत्रा कोरडा करून लावले तरी तेही तात्पुरतेच समजावे. कायमच्या दुरुस्तीसाठी टाकी उतरवून पितळी डाख द्यावा लागतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात स्फोट होण्याजोगे वाफ आणि हवेचे मिश्रण कोंडलेले असते. ती अनेकदा धुऊन व पाण्याने भरून, केवळ डाखाच्या जागेपुरती पोकळी ठेवूनच त्या कामातल्या अनुभवी कारागिराने हाती घ्यावी, घरी मुळीच नव्हे. आतला गंज न काढता बाहेरून भोक बुजवले, तर त्याचे कण पुन्हा नीडलपर्यंत येतातच.

काही वेळा मात्र दोष नसतानाही पेट्रोल बाहेर येते. तोंडापर्यंत भरलेली 12 लिटरची टाकी मे महिन्याच्या उन्हात उभी राहून आतले पेट्रोल 20 अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान पाव लिटरच्या जवळपास वाढते आणि ते झाकणाच्या हवेच्या छिद्रातून पाझरते. टाकीत थोडी जागा मोकळी ठेवणे एवढाच यावरचा उपाय आहे.

दुरुस्तीनंतर कॉक उघडा ठेवून मोकळ्या जागेत, लक्ष ठेवून किमान तासभर निरीक्षण करावे आणि त्यानंतर गाडी उभी करताना कॉक दर वेळी बंद करण्याची सवय लावावी. चार-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीत ओव्हरफ्लो झाला असेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहावी, कारण ती वाढलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये उतरलेले असते, आणि असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरेसे वंगण देत नसल्याने ते पूर्ण काढून नवे भरल्याशिवाय गाडी चालवू नये.