खाज थांबते, गजकर्ण पसरतं

पत्र्याचं छप्पर, कोंदट गाळा, बारा-बारा तासांची पाळी, घामाने अंगाला चिकटलेला बनियन आणि एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसं. भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तीत गजकर्णाला आणखी काय हवं? डॉक्टरकडे जायचं तर खाडा पडतो. मेडिकलवर ट्यूब लगेच मिळते.

त्या ट्यूबमधल्या स्टिरॉइड नावाच्या औषधाची सुरुवात मोठी दिमाखात झाली होती. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये नोबेल. १९५२ पासून हायड्रोकॉर्टिसोन मलमातून कातडीवर आलं. मग क्लोबेटासोलसारखी त्याची जहाल भावंडं. इसब, सोरायसिसवर ती खरोखरच गुणाची. गजकर्णावर मात्र घात करतात.

स्टिरॉइड पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतं आणि दाह पेटवणाऱ्या रसायनांची निर्मितीच दाबून टाकतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, खाज थांबते. पण गजकर्णात तो दाह म्हणजे शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते. ती थंडावली की बुरशीला रान मोकळं. चट्ट्याची ठसठशीत कड पुसट होते, त्यामुळे पाहणारा डॉक्टरही फसतो. १९६८ मध्येच ब्रिटिश डॉक्टरांनी हे नोंदवलं होतं. स्टिरॉइडमुळे जखम भरून काढणारं कोलॅजेनही कमी बनतं. कातडी पातळ होते, जांघेत जांभळे चरे उमटतात. पुढे ते फिके पडतात, जात नाहीत.

आपल्याकडे बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल एकाच ट्यूबमध्ये कोंबून खुशाल विकलं गेलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं ओरड केली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरलं. त्याच वर्षी बंदी आलेल्या ३२८ संयुक्त औषधांत अशी काही मलमंही होती. कागदावर चांगलंच झालं. काउंटरवर चिठ्ठी मागतं कोण? २०२० मध्ये तर नेहमीच्या टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणाऱ्या बुरशीला शास्त्रज्ञांनी भारतावरूनच नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी.

आता तज्ज्ञ आधी ट्यूब बंद करायला लावतात, मग कित्येक आठवडे गोळ्या. ट्यूब सुटली की दबलेला दाह उसळतो, खाज पूर्वीपेक्षा वाढते, आणि डॉक्टरच्या औषधाने बिघडलं असं म्हणत माणूस परत मेडिकलवर जातो.