छाओ

छाओ : परतण्याची एक चिनी पाकक्रिया. अतिशय तापलेल्या कढईत थोड्या तेलावर, लहान आकारात चिरलेले जिन्नस सतत हलवीत काही मिनिटांत शिजविणे, असे तिचे स्वरूप आहे. ‘चाऊमीन’ या भारतात परिचित असलेल्या पदार्थाच्या नावातील ‘चाऊ’ हा याच शब्दाचा दक्षिण चीनमधील उच्चार होय. इंग्रजीत या क्रियेस ‘स्टर-फ्राय’ हे नाव बुवेई यांग चाओ या लेखिकेच्या हाऊ टू कुक अँड ईट इन चायनीज (१९४५) या पुस्तकामुळे मिळाले. लेखिका मूळच्या डॉक्टर होत्या. नावातील ‘तळणे’ हा अंश थोडा फसवा आहे. कारण जिन्नस तेलात बुडत नाहीत, तर तेल त्यांना आणि कढईला माखण्यापुरतेच असते.

ज्या स-श्ये याच्या सहाव्या शतकातील छी-मिन याओ-शू या कृषिविषयक ग्रंथात पातीच्या कांद्याचा पांढरा भाग व मीठ घालून तिळाच्या तेलात परतलेल्या अंड्यांची कृती आली आहे. सुंग राजवटीची राजधानी खायफंग येथील जीवनाचे वर्णन करणाऱ्या ११४७ मधील ग्रंथात भोजनगृहांतील परतलेल्या खेकड्यांचा उल्लेख आहे. जिन्नस लहान चिरल्याने ते लवकर शिजतात व सरपण थोडे लागते. शिवाय पानावर सुरीची गरज उरत नाही, काड्यांनी जेवता येते.

चीनमध्ये मांस म्हटले की सामान्यतः डुकराचे मांस अभिप्रेत असते. बैल हे नांगराचे जनावर असल्याने निरनिराळ्या राजवटींनी त्याच्या कत्तलीवर निर्बंध घातले होते. ह्वे मुस्लिमांच्या स्वयंपाकात मात्र गोमांसाला महत्त्वाचे स्थान आहे, तर दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतात कालवांच्या सॉसमधील गोमांस व गोमांस घालून परतलेल्या तांदळाच्या रुंद शेवया हे पदार्थ लोकप्रिय आहेत. याच प्रांतातील स्थलांतरितांनी हा स्वयंपाक अमेरिकेत नेला. तेथे काय-लान या चिनी पालेभाजीची जागा ब्रोकोलीने घेतली आणि गोमांस व ब्रोकोली यांचा आज सर्वत्र घरोघरी होणारा पदार्थ रूढ झाला.

हा पदार्थ सोपा दिसतो, पण घरी तो बहुधा बिघडतो. मांस करडे व चिवट होते, भाज्या मऊ पडतात आणि तळाशी पाणी साचते. मसाला चुकल्याने हे होत नाही. त्याचे कारण उष्णतेच्या हिशोबात असते. भोजनगृहातील चिनी शेगडी घरगुती शेगडीपेक्षा कित्येक पटींनी अधिक उष्णता देते. मांसातून सुटणारे पाणी तिच्यावर तत्काळ उडून जाते. घरच्या कढईत एकदम अर्धा किलो मांस टाकल्यास तापमान झपाट्याने उतरते. पाणी साचते, आणि ते आहे तोवर मांसाच्या पृष्ठभागाचे तापमान १०० से. च्या पुढे फारसे जात नाही. मांसाला तपकिरी रंग व खमंगपणा देणारी प्रथिने व शर्करा यांची विक्रिया साधारणतः १४० से. च्या पुढेच वेगाने घडते. परिणामी मांस परतले न जाता उकडते. म्हणून घरी एका वेळी २०० ते २५० ग्रॅमपेक्षा अधिक मांस कढईत घालू नये. अधिक असल्यास दोन घाण्यांत परतावे.

मांसाची पूर्वतयारीही तितकीच महत्त्वाची आहे. मांस अर्धा तास बर्फकप्प्यात ठेवल्यास घट्ट होऊन सुमारे ३ मिमी. जाडीचे काप सहज निघतात. काप धाग्यांना आडवे काढतात, त्यामुळे स्नायुतंतू आखूड होऊन चावण्यास सोपे जातात. २५० ग्रॅम कापांना एक मोठा चमचा सोया सॉस, तेवढेच पाणी किंवा तांदळाची वारुणी, एक लहान चमचा मक्याचे पीठ व थोडे तेल चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. मांस राठ असल्यास पाव लहान चमचा खाण्याचा सोडाही घालतात. सोड्याच्या अल्कधर्मामुळे प्रथिने तापल्यावर एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत व पाणी धरून ठेवतात. तो जास्त झाल्यास मात्र साबणासारखी चव येते. पिठाचा पातळ लेप रस आत राखतो आणि पुढे रस्सा धरून ठेवतो.

आले व लसूण चिरून, भाज्या कापून आणि रस कालवून हाताशी ठेवल्याशिवाय शेगडी पेटवू नये. एकदा आरंभ झाल्यावर चिरण्यास उसंत मिळत नाही. तेलातून धुराची पुसट रेघ निघू लागली की मांस एकेरी थरात पसरतात व अर्धा मिनिट तसेच राहू देतात. सतत हलविण्याचा नियम येथे मोडावा लागतो. मंद शेगडीवर तोच शहाणपणाचा. नंतर उलथून, किंचित गुलाबी असतानाच मांस बाहेर काढतात. त्याच कढईत आणखी तेल घालून आले-लसूण काही सेकंद परततात व गाजर, फरसबी यांसारख्या कठीण भाज्या आधी, ढोबळी मिरची व पातीचा कांदा शेवटी, या क्रमाने घालतात. ब्रोकोलीला दोन चमचे पाणी शिंपडून मिनिटभर झाकण घालणे इष्ट. अखेरीस मांस परत घालून सोया सॉस, मांसाचे पाणी व एक लहान चमचा मक्याचे पीठ यांचे मिश्रण कढईच्या कडेने ओततात. ते घट्ट व चकचकीत झाले व मांस पुरते शिजले की पदार्थ उतरवून गरम भाताबरोबर वाढतात.

गोल बुडाची चिनी कढई चुलीच्या तोंडात बसण्यासाठी असते. घरगुती गॅसवर सपाट बुडाची लोखंडी किंवा जाड बिडाची कढई अधिक उष्णता साठवते. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी एवढ्या तापमानास योग्य नसतात.

भारतात ‘बीफ’ या नावाने अनेकदा म्हशीचे मांस विकले जाते. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. म्हशीस ती लागू नाही. म्हशीचे मांस अधिक गडद, कमी चरबीचे आणि जाड धाग्यांचे असते. त्याचे काप आणखी पातळ काढावेत. वर सांगितलेला सोडा अशा मांसाला विशेष उपयोगी पडतो.