घोडशर्यतींचा प्रेक्षकवर्ग, जपानमधील
घोड्यांच्या शर्यतींचा खर्च बहुतेक ठिकाणी मुख्यतः पैजेच्या पैशातून भागतो. त्यामुळे जुने शौकीन कमी होऊ लागले, की नवे मिळविणे हा या व्यवसायाच्या अस्तित्वाचाच प्रश्न होऊन बसतो. या बाबतीत जपानचा अनुभव विशेष उद्‌बोधक आहे. तेथे नवा प्रेक्षक पैजेच्या आमिषापेक्षा एखाद्या घोड्याविषयीच्या जिव्हाळ्यामुळे मैदानाकडे वळला आणि त्यांतील काही जण पुढे पैज लावू लागले.

जपानमध्ये शर्यतींची व्यवस्था दुहेरी आहे. 1954 मध्ये स्थापन झालेली जपान रेसिंग असोसिएशन (जेआरए) ही संस्था देशातील दहा प्रमुख मैदानांवर शर्यती भरविते, तर प्रांतिक शर्यती स्थानिक शासनसंस्था चालवितात. बुकमेकरांना तेथे कायद्याने स्थान नाही. सर्व पैजा टोटलायझेटर पद्धतीने घेतल्या जातात. सर्वांची रक्कम एकत्र करून, पैजेच्या प्रकारानुसार 20 ते 30 टक्के वजावट केल्यावर उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. जेआरएच्या एकूण विक्रीच्या 10 टक्के रक्कम राष्ट्रीय कोषागारात जाते व ती पशुसंवर्धन आणि समाजकल्याण यांसाठी खर्च होते.

महायुद्धोत्तर काळात या शर्यतींकडे सभ्य समाज जुगार म्हणूनच पाहत असे. ही दृष्टी पालटण्यास हाइसेइको हा घोडा कारणीभूत झाला. टोकिओतील ओइ या प्रांतिक मैदानावर सहाही शर्यती जिंकून 1973 मध्ये तो जेआरएच्या मैदानावर आला. खेड्यातून येऊन राजधानीतील खानदानी घोड्यांना हरविणारा, अशी त्याची प्रतिमा वृत्तपत्रांनी उभी केली. त्या वर्षीच्या डर्बीत तो तिसरा आला, तरी त्याची लोकप्रियता ओसरली नाही. तो निवृत्त झाल्यावर त्याचा जॉकी मासुझावा सुएओ याने गायिलेल्या निरोपगीताची ध्वनिमुद्रिका 1975 मध्ये निघाली. एकही पैज न लावणारी मुलेही त्याचे नाव जाणत होती.

याच कथेची अधिक मोठी आवृत्ती म्हणजे ओगुरी कॅप. कासामात्सु या लहान मैदानावरील 12 शर्यतींपैकी 10 जिंकून तो 1988 मध्ये जेआरएकडे आला. तथापि लहानपणी नोंदणी झालेली नसल्यामुळे प्रमुख अभिजात शर्यतींत त्याला उतरता आले नाही. त्यावरून झालेल्या टीकेनंतर 1992 पासून 20 लाख येन भरून उशिरा नोंदणी करण्याची सोय झाली. म्हणजे शौकिनांच्या नाराजीने नियमच बदलला. तरुण स्त्रिया मैदानावर मोठ्या संख्येने येऊ लागल्या त्या याच काळात. त्याच्या आकृतीची मऊ खेळणीही भरपूर खपली. 23 डिसेंबर 1990 रोजी नाकायामा येथील आरिमा किनेन या त्याच्या अखेरच्या शर्यतीस 1,77,779 प्रेक्षक उपस्थित होते. लागोपाठच्या पराभवांमुळे तो संपला, असे बहुतेक जाणकारांचे मत झाले होते; ताके युताका या एकवीस वर्षांच्या जॉकीने त्याला विजयी केले. आरिमा किनेनमधील बरेचसे घोडे शौकिनांच्या मतदानाने निवडले जातात. मत देण्यासाठी पैज लावावी लागत नाही, हे येथे महत्त्वाचे.

जिव्हाळ्याला विजयाचीही गरज नसते, हे हारु उरारा या घोडीने दाखविले. कर्जात बुडालेल्या कोची येथील मैदानावर ती सतत हरत होती. 2003 मध्ये वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली आणि 22 मार्च 2004 रोजी ताके युताका तिच्यावर स्वार झाला, तेव्हा सुमारे 13,000 लोक जमले. अकरा घोड्यांत ती दहावी आली. तिचे तिकीट लोक वाहन अपघातापासून रक्षण करणारा ताईत म्हणून जवळ बाळगीत, कारण जपानीत ‘पैज लागणे’ व ‘धडक बसणे’ यांना एकच क्रियापद आहे. एकूण 113 शर्यतींत ती एकदाही जिंकली नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘उमा मुसुमे’ या मोबाइल-खेळात जुन्या घोड्यांची नावे धारण करणाऱ्या मुलींची पात्रे आहेत. त्यांत तीही असल्याने नव्या पिढीला ती ठाऊक झाली. 2025 मध्ये तिचा मृत्यू झाला.

मात्र प्रेक्षक व पैज लावणारा हे एकच नव्हेत. जेआरएची वार्षिक विक्री 1997 मध्ये सुमारे 4 लाख कोटी येन होती. 2011 मध्ये ती सुमारे 2.3 लाख कोटींवर आली आणि पुढे पुन्हा 3 लाख कोटींच्या वर गेली. 2020 मध्ये साथीमुळे कित्येक महिने मैदाने रिकामी असतानाही विक्री वाढली, कारण ती बहुतांशी इंटरनेटवर होत होती. घरबसल्या पैज लावणाऱ्याला घोड्याचे दर्शन आवश्यक नसते, आणि हातातील दूरध्वनीवर थांबण्याची वेळही कळत नाही. विद्यार्थ्यांवरील बंदी 2005 पासून वीस वर्षांवरील विद्यार्थ्यांपुरती उठली, हेही नवा ग्राहक शोधण्याचेच एक अंग होते. जुगाराच्या व्यसनाविरुद्धचा मूलभूत कायदा 2018 मध्ये झाला. व्यसनग्रस्ताला अथवा त्याच्या कुटुंबीयांना अर्ज करून इंटरनेटवरील तिकीटखरेदी बंद करून घेता येते. वजावटीचा हिशेब पाहता पैज लावणारे एकत्रितपणे नेहमी तोट्यातच राहतात. ही गोष्ट जाहिरातीत क्वचितच आढळते.

भारतात पैज लावणे कौशल्याचे की नशिबाचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये लक्ष्मणन् खटल्यात कौशल्याच्या बाजूने निकालात काढला. वस्तू व सेवा कर पैजेच्या पूर्ण रकमेवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के, तर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. महालक्ष्मी येथील हिवाळी व पुण्यातील पावसाळी हंगामांचे निष्ठावंत प्रेक्षक आहेत. परंतु ज्याचे नाव पैज न लावणाऱ्या घरांतही घेतले जावे, असा हाइसेइकोसारखा घोडा येथे विरळाच.