फिल्मवरची काळी रेघ

संपादकांनी मला सुरतेला पाठवलं ते जवळच्या हजिऱ्याच्या मोठ्या कामांवर लिहायला. तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. गेल ही कंपनी 1984 साली उभी राहिली ती हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वायुवाहिनी टाकण्यासाठी. फ्रान्समधल्या ‘इटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाचा क्रायोस्टॅट लार्सन अँड टुब्रोच्या हजिऱ्यातल्या कारखान्यात 54 तुकड्यांत घडला. 3,850 टनांचं, सुमारे तीस मीटर उंच असं हे स्टेनलेस स्टीलचं पात्र, आणि त्याचे शेवटचे तुकडे 2020 च्या जूनअखेर रवाना झाले. हे सगळं वाचून मी गेले. पण दोन रात्री मला जागेवरून हलू दिलं नाही ते वीस-पंचवीस किलोच्या एका डब्याने आणि तो सांभाळणाऱ्या माणसाने.

तो मूळचा खान्देशातला. वडील ताप्ती लाईनच्या गाडीने लूमवर कामाला आले आणि सुरतेच्या उधन्यात राहिले. मुलगा आयटीआय करून एका टेस्टिंग कंत्राटदाराकडे लागला. वेल्डचे जॉइंट किरणांनी फिल्मवर टिपून तपासण्याच्या कामाला तो ‘शूटिंग’ म्हणतो, डब्याला ‘कॅमेरा’. डब्यात युरेनियमच्या कवचाआड इरिडियम-192 चा मसुरीच्या दाण्याएवढा किरणोत्सारी सोर्स असतो.

रात्री अकराला वेल्डर यार्डातून गेले की तो दोरी बांधतो, लाल दिवे लावतो, शिट्टी मारतो. पाइपच्या जॉइंटवर फिल्म बसवतो, शिशाचे आकडे आणि फिल्म किती स्पष्ट आली ते दाखवणारी बारीक तारांची ‘पेनी’ लावतो. मग लांब जाऊन हँडल फिरवतो. केबलने ढकललेला सोर्स नळीतून जॉइंटपाशी जातो, ठरलेली मिनिटं थांबतो, परत येतो. परत आला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो सर्व्हे मीटर पुढे धरूनच कॅमेऱ्याकडे चालतो. “आधी मीटर, मग पाय, ताई,” एवढंच त्याने मला शिकवलं, आणि दोन्ही रात्री एकदाही तो ते विसरला नाही.

डार्करूममधून निघालेली ओली फिल्म व्ह्यूअरवर ठेवली की तो आधी पेनीची तार शोधतो. हवी ती बारीक तार दिसली नाही तर फिल्मच बाद, जॉइंटचा निकाल पुढची गोष्ट. जिथे धातू कमी तिथे फिल्म काळी. गोल ठिपके म्हणजे पोरॉसिटी, वायूची भोकं; वेडेवाकडे डाग म्हणजे स्लॅग, आत अडकलेली मळी; मधोमध सरळ काळी रेघ म्हणजे रूट, वेल्डचा तळ, नीट भरला नाही. अशी एक रेघ सापडली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. भिंगाने पुन्हा पाहिलं आणि लिहिलं, ‘रिपेअर’.

चिरेची गोष्ट वेगळी. “दाराच्या फटीसमोर उभं राहिलं तरच पलीकडचा दिवा दिसतो,” तो म्हणाला. “बाजूला सरकलं की फट आहे हेच कळत नाही.” चीर किरणांच्या दिशेत नसेल तर फिल्मवर उमटत नाही. म्हणून यूटी, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी, जोडीला लागते. काही पोलादांत हायड्रोजनमुळे चीर वेल्डिंगनंतर तासांनी उमलते, म्हणून थांबून तपासावं लागतं. आणि थांबायला कुणाकडेच वेळ नसतो.

एक चीर सुटली की काय होतं ते जुनंच आहे. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा तरंगता तळ उलटला. 212 पैकी 123 माणसं गेली. सुरुवात एका दुय्यम जोडणीच्या 6 मिलिमीटर वेल्डपाशी झाली होती. तुटलेल्या भागात, चिरेच्या आत, रंग सापडला. म्हणजे रंग मारला तेव्हाच चीर तिथे होती. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग कुणीतरी सही केली असेल.”

सहीवरच सगळं येऊन थांबतं. इरिडियम 74 दिवसांत निम्मं होतं. नवी मुंबईतल्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून नवा सोर्स येईपर्यंत प्रत्येक शॉटला वेळ जास्त लागतो, रात्र मात्र तेवढीच राहते. पैसे जॉइंटवर मोजले जातात. वेळ कापला तर फिल्म फिकी येते, आणि फिक्या फिल्मवर दोष लपतो. या धंद्यात त्याहून वाईटही घडतं. एकच चांगला जॉइंट दोनदा शूट करतात, शिशाचा आकडा बदलतात आणि दुसऱ्या जॉइंटच्या नावाने फिल्म लावतात. त्याला हे ओळखता येतं, कारण दोन वेगळ्या जॉइंटच्या फिल्मवर तोच ठिपका त्याच जागी कधी येत नाही. पण ओळखून सांगायचं कुणाला? त्याच्या कंत्राटदाराचं बिल पास करतो तोच, ज्याच्या वेल्डवर ‘रिपेअर’ लिहायचं असतं. एका साइटवर सलग तीन रिपेअर लिहिल्यावर चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. त्या साइटच्या कामाच्या विचाराने त्याला अजूनही शांत झोप लागत नाही.

किरणोत्साराचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ पाहतं, परवाने देतं, छातीवरचा, किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज तपासला जातो. त्या माणसाच्या अंगावर किती मात्रा पडली याचा हिशेब राहतो. त्याच्यावर किती दबाव पडला याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

प्रकल्पांच्या मालकांना माझी विनंती आहे. वेल्ड तपासणाऱ्याचे पैसे वेल्ड करून घेणाऱ्या ठेकेदाराच्या हातून देऊ नका. ते तुम्ही थेट द्या, आणि जॉइंटवर नव्हे, रात्रीवर द्या.